गुरुवारचा मोकळा तास आणि आमच्या कॉलेजचा आराखडा

२०२४ च्या जूनमध्ये प्राचार्य सरांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, मॅडम, आयक्यूएसीसाठी, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षासाठी, प्राध्यापकांच्या क्षमता विकासाचा आराखडा लागतो, पाच वर्षांचा, तो या वेळी तुम्ही करा. मी हो म्हणलं आणि आधी जुना आराखडा कपाटातून काढला, तो २०१९ चा होता. त्यात तक्ता होता, दरवर्षी किती जणांनी रिफ्रेशर म्हणजे उजळणीचं प्रशिक्षण करायचं, किती जणांनी पीएचडीला नाव नोंदवायचं, किती राष्ट्रीय परिषदा घ्यायच्या, आणि प्रत्येक रकान्यात आकडे भरलेले. ज्यांनी केला त्यांनी मनापासून केला होता, अक्षरसुद्धा ओळखीचं होतं, ते सर आता निवृत्त झालेत. पण तो तक्ता वाचताना पोटात कसंतरी झालं, कारण त्यानंतर दहा महिन्यांत सगळं बंद पडलं आणि त्या तक्त्यात असं एकही वाक्य नव्हतं जे मार्च २०२० मध्ये आमच्या कुणाच्या कामाला आलं असतं.

आठवतंय ना तो मार्च. २५ तारखेला लॉकडाऊन लागलं, आम्हाला वाटलं तीन आठवड्यांनी उघडेल, मग जून आला आणि आम्ही घरातून शिकवायला बसलो. आमच्याकडची मुलं गावातली, घरात एक फोन आणि तोही वडलांकडे, वडील शेतात, म्हणजे फोन शेतात. गुगल मीटवर साठातली नऊ-दहा यायची. शेवटी मी व्हॉट्सॲपवर सात-सात मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवायला लागले, कारण ते कमी नेटमध्येपण उतरायचे आणि मुलं रात्री निवांत ऐकायची. हे मला कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नव्हतं, शेजारच्या गावातल्या एका विद्यार्थिनीनं सुचवलं, मॅडम बोलून पाठवा, वाचायला स्क्रीन फुटलीय. त्या दिवसात आमच्या स्टाफमधल्या प्रत्येकानं आपापलं काहीतरी शोधून काढलं होतं, कुणी फळ्याचे फोटो, कुणी यूट्यूब, कुणी थेट पारावर चार मुलं लांब लांब बसवून. आणि त्यातलं एकही आम्ही एकमेकांना सांगितलं नाही, सांगायची जागाच नव्हती. हे मला आजही सगळ्यात जास्त लागतं.

बरं, ते सरलं म्हणून थांबलं का, तर नाही. २०२१ ला बारावीची परीक्षा रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनावर पास झालेली बॅच आमच्याकडे एफवायला आली, त्यातल्या कित्येकांनी दोन वर्षं सलग अर्धा तास हातानं लिहिलं नव्हतं. नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि पुढच्याच वर्षी माझ्याकडे असाइनमेंटमध्ये अशी मराठी यायला लागली जी आमच्या तालुक्यात कुणी बोलत नाही. मग २०२४-२५ पासून आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत नवीन शैक्षणिक धोरण आलं, मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा विषय, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या शाखेतला विषय, कौशल्याचे व्हीएससी आणि एसईसी, भाषेचं एईसी, भारतीय ज्ञान परंपरेचं आयकेएस, पुढे फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाचा अनुभव, सेमिस्टरला २२ क्रेडिट, तीन वर्षांचे १३२. कागदावर चांगलंय, मी त्याच्या विरोधात नाही. पण कुठल्या विषयाला किती मुलं बसणार हे ॲडमिशन संपेपर्यंत कळत नाही, आणि काही पेपरांचा अभ्यासक्रम हातात पडतो तेव्हा तास सुरू होऊन दोन आठवडे झालेले असतात.

वर आमचे स्वतःचे नियमही हलत राहतात. यूजीसीनं २०१० ला पदोन्नतीसाठी गुण मोजायचा एपीआय आणला, २०१३ ला बदलला, २०१६ ला परत बदलला, २०१८ ला नवे नियम आले आणि जानेवारी २०२५ मध्ये परत नवा मसुदा आला. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकनं श्रेणीऐवजी मान्यता आहे किंवा नाही अशी पद्धत २०२४ मध्ये जाहीर केली. म्हणजे ज्या मोजपट्टीसाठी माणूस सहा वर्षं कागद जमवतो ती मोजपट्टीच तोपर्यंत बदललेली असते.

तर अशा परिस्थितीत पाच वर्षांचा आराखडा करायचा. मी आठ दिवस कोऱ्या फाईलसमोर बसले, खरंच.

सुचलं ते घरी. वडील शेतकरी आहेत, आमची जमीन कोरडवाहू. जूनचा शेवट होता, पाऊस ओढ देत होता आणि वडील परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला वाचत होते, आपत्कालीन पीक नियोजनाचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, त्यात पाऊस कधी येईल हे सांगितलेलं नसतं. त्यात असं असतं, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून ओल झाल्याशिवाय पेरू नका. पेरणीलायक पाऊस जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात आला तर ही पिकं घ्या. १५ जुलै उलटली की मूग-उडीद आणि कापूस नको, तूर, बाजरी, सूर्यफूल, एरंडी अशाकडे वळा. सोबत आंतरपीक घ्या म्हणजे सोयाबीन गेलं तरी तूर हाताला लागेल. वडील म्हणाले, पाऊस काय आपल्या हातात आहे का, पण कुठल्या तारखेला कुठलं बी घरात पाहिजे हे तर आपल्या हातात आहे. ते सहज बोलले आणि मला तिथंच कळलं की आमचा २०१९ चा तक्ता कुठं चुकला होता. त्यात सगळं एकाच पावसावर पेरलेलं होतं.

मग मी फाईल बंद केली आणि एक साधी शीट केली. आडव्या ओळीत माणसं, म्हणजे सगळीच, कायम असलेली आणि सीएचबीवरची, म्हणजे तासिका तत्त्वावर काम करणारी पण. उभ्या रकान्यात पुढच्या दोन वर्षांत आमच्याकडे येऊ शकतील ते सगळे पेपर. आणि प्रत्येकाला जाऊन विचारलं, हा पेपर उद्या शिकवायला लागला तर शिकवाल का. तीनच उत्तरं, आजच शिकवेन, एक महिना दिला तर शिकवेन, नाही जमणार. प्रमाणपत्र विचारलं नाही, पदवी विचारली नाही. काहींना सुरुवातीला बरं नाही वाटलं, वरिष्ठ सरांना तुम्हाला हे जमेल का असं विचारणं आमच्याकडे सोपं नसतं. म्हणून मी पहिल्यांदा माझीच ओळ भरून सगळ्यांना दाखवली. भूगोलात एवढी वर्षं झाली पण रिमोट सेन्सिंग म्हणजे उपग्रहाची चित्रं वाचणं आणि जीआयएस म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करणं, यांचं प्रात्यक्षिक घ्यायला मला आजही एक महिना लागेल, तेच लिहिलं. त्यानंतर लोक मोकळे झाले.

त्या शीटनं जे दाखवलं ते कुठल्याच अहवालात नव्हतं. जीआयएस आजच शिकवू शकेल अशी आमच्या विभागात एकच व्यक्ती, आणि ती सीएचबीवर. ऑफिस ऑटोमेशनसारखा स्किलचा पेपर घेऊ शकतील असे दोघं, त्यातले एक सर दोन वर्षांनी निवृत्त होणार. आयकेएसला तर सगळ्यांचंच एक महिना. आणि मुलांना मराठीतून नीट प्रश्न काढून देणं, त्यांच्या उत्तरावर शेरा लिहिणं, हे आपल्याला येतं असं सगळ्यांनाच वाटत होतं, पण दुसऱ्यानं कधी बघितलेलं नव्हतं.

मग आराखडा असा लिहिला, वडलांच्या त्या सल्ल्यासारखाच, तारखा आणि जर-तर. १५ जुलैपर्यंत अभ्यासक्रम आला तर विभागानं एकत्र बसून घटक वाटून घ्यायचे. नाही आला तर वाट बघत बसायचं नाही, मागच्या वर्षीच्या पेपरातले जे दोन घटक कुठल्याही अभ्यासक्रमात राहतातच ते सुरू करायचे, म्हणजे आमच्याकडे नकाशावाचन आणि हवामान. मायनरला मुलं कमी आली आणि कुणाचा कार्यभार कमी पडायची वेळ आली तर त्या व्यक्तीनं कुठल्या ओपन इलेक्टिव्हची तयारी आधीच केलेली असेल हे नाव घालून लिहिलं. प्रत्येक महत्त्वाच्या पेपरला दोन माणसं, एक शिकवणारं आणि एक शेजारी बसून तयार होणारं, हे आमचं आंतरपीक. आणि पाच वर्षं हा शब्द मुखपृष्ठावर ठेवला कारण तो लागतो, पण आत दर सेमिस्टरच्या शेवटी शीट नव्यानं भरायची असं लिहिलं.

प्रशिक्षणाच्या बाबतीत मला एक गोष्ट नीट सांगायचीय, कारण मी कोर्सच्या विरोधात आहे असा गैरसमज आमच्याच स्टाफमध्ये झाला होता. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडे ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली, म्हणजे कॉलेजच्या मास्तरालापण शिकवायचं शिकावं लागतं हे देशानं पैसे खर्च करून मान्य केलं, ही लहान गोष्ट नाही. शाळेच्या शिक्षकाला डीएड-बीएड असतं, आपण नेट-सेट पास झालो की थेट वर्गात. पुढे त्यांचं नाव ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट सेंटर झालं आणि २०२३ पासून मालवीय मिशन टीचर ट्रेनिंग सेंटर. मी २०१२ ला चार आठवड्यांचं ओरिएंटेशन केलं, घरी मूल लहान होतं, सासूबाईंनी सांभाळलं म्हणून जाता आलं. तिथली व्याख्यानं आता फारशी आठवत नाहीत. आठवतं ते हॉस्टेलचं. माझी रूममेट कोकणातली वनस्पतिशास्त्राची मॅडम होती, ती मुलांना जंगलात नेताना आधी काय सांगते, वहीत काय लिहून घेते, परत आल्यावर काय विचारते, हे तिनं रात्री गादीवर वह्या पसरून दाखवलं होतं आणि माझ्या क्षेत्रभेटी त्यानंतर कायमच्या बदलल्या.

लॉकडाऊनमध्ये हे सगळं ऑनलाइन गेलं आणि नंतर बरंचसं तसंच राहिलं. ऑनलाइनचे फायदे आहेत, लहान मूल असलेल्या मॅडमना घर सोडावं लागत नाही, प्रवासाचा खर्च नाही. आयआयआरएस डेहराडूनचे ऑनलाइन कोर्स तर भूगोलवाल्यांसाठी फार मोलाचे आहेत, रिमोट सेन्सिंग थेट तिथल्या लोकांकडून शिकायला मिळतं, फी नाही. पण हॉस्टेलची ती रात्र त्यात नसते. आणि कॅमेरा बंद ठेवून, एकीकडे पेपर तपासत, शेवटी फीडबॅक फॉर्म भरून प्रमाणपत्र मिळतं हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. त्यात प्राध्यापकाचा दोष मी मानत नाही, पदोन्नतीला ते लागतं आणि दिवसाला तास तेवढेच असतात.

ऑनलाइन नीट कसं करता येतं याचं चांगलं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. आयआयटी मुंबईत दीपक फाटक सरांनी दहा हजार इंजिनिअरिंग शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचा प्रकल्प केला होता, टी-टेन-के-टी म्हणायचे त्याला. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे व्याख्यान पवईतून थेट देशभरातल्या कॉलेजांत जायचं, पण त्याआधी त्या प्रत्येक केंद्रावरच्या समन्वयकाला पवईला बोलावून तयार केलेलं असायचं. म्हणजे स्क्रीनवर कुणी कितीही मोठं असलं तरी तुमच्या शेजारी, तुमच्याच खोलीत, ज्याला विचारता येईल असा एक माणूस असायचा. आम्ही तेवढंच उचललं. आमच्याकडून कुणी ऑनलाइन कोर्स करणार असेल तर एकट्यानं करायचा नाही, किमान दोघांनी, आणि संपल्यावर एक तास बाकीच्यांना त्यातली एक गोष्ट करून दाखवायची. पीपीटी नाही, करून दाखवायचं.

आता तो तास आणायचा कुठून, सगळं घोडं इथंच अडलं. नियमात सहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे आणि बाहेरच्या लोकांना वाटतं बाकी वेळ मोकळाच. बाकीच्या वेळात ॲडमिशन समिती, शिष्यवृत्तीचे फॉर्म, मुलांचे क्रेडिट जमा करायचे एबीसी आयडी, परीक्षेचं काम, पेपर तपासणी, एनएसएस, नॅकची माहिती, आणि निवडणूक आली की निवडणूक. माझं स्पष्ट मत आहे, ज्या आराखड्यात वेळ कुठून येणार हे लिहिलेलं नाही तो आराखडा लोकांच्या झोपेतून वेळ काढतो. म्हणून मी प्राचार्य सरांकडे पैसे मागितले नाहीत, वेळापत्रकातला एक तास मागितला. आठवड्यातून एकदा सगळ्या कॉलेजचा एक तास बंद, मुलं ग्रंथालयात, आणि स्टाफ एकत्र.

शेवटचा तास घ्या असं आधी सुचवलं गेलं, पण शेवटच्या तासाला सीएचबीवरची मंडळी दुसऱ्या कॉलेजच्या वाटेवर असतात, कुणी बाइकवर, कुणी एसटीनं. पहिला तास घ्यावा तर बाहेरगावच्या मॅडमची गाडी यायची असते. सायन्सवाले म्हणाले प्रात्यक्षिकाचे सलग तास तुटतात. तीन बैठका झाल्या. शेवटी गुरुवारी ११.४० ते १२.३० हा तास मिळाला आणि त्या बदल्यात शनिवारी सायन्सला एक तास वाढवून दिला. हे सगळं इतकं सविस्तर यासाठी सांगतेय की कुणी आपल्याकडे करणार असेल तर पहिला महिना यातच जाईल हे धरून चला.

त्या तासात आम्ही केलं काय. पहिले दोन गुरुवार बोलण्यात गेले, तक्रारीच जास्त, आणि त्या ऐकणंही गरजेचं होतं. तिसऱ्या गुरुवारी ठरलं की प्रत्येकानं महिन्यात एकदा दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं आणि गुरुवारी फक्त जे दिसलं ते सांगायचं, चांगलं-वाईट म्हणायचं नाही. मी इतिहासाच्या सरांच्या वर्गात बसले. सर निवृत्तीला आलेले, मोबाइलशी फार मैत्री नाही, कोर्सेसची फाईलही पातळ. त्यांनी वर्गात प्रश्न विचारला आणि गप्प राहिले. मी मनात मोजत होते, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. वर्गात चुळबुळ झाली, मग मागून एक पोरगा उठला, अर्धवट बोलला, सर नुसते हं म्हणाले, परत गप्प, आणि मग त्याला पुरं करायला एक मुलगी उठली. मेरी बड रो म्हणून एक अमेरिकन संशोधक होत्या, त्यांनी सत्तरच्या दशकात हेच मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादा सेकंदच थांबतात आणि तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं मोठी आणि विचार केलेली यायला लागतात. सरांनी ते कधी वाचलेलं नव्हतं, ते तीस वर्षं असंच शिकवत आलेत. आणि आमच्या कॉलेजात ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण तीस वर्षांत त्यांच्या वर्गात दुसरं कुणी बसलंच नव्हतं.

मग माझ्या वर्गात जीआयएसवाल्या मॅडम येऊन बसल्या, ज्या सीएचबीवर आहेत. गुरुवारी त्यांनी फक्त एवढं सांगितलं, मॅडम, तुम्ही अकरा प्रश्न विचारले आणि त्यातल्या आठांची उत्तरं तुम्हीच दिलीत. मला ते ऐकताना कान गरम झाले, पण त्यांनी मोजून सांगितलं होतं आणि ते खरं होतं. आता मी प्रश्न विचारला की हातातला खडू टेबलावर ठेवते, परत उचलेपर्यंत बोलायचं नाही असं स्वतःला घालून घेतलंय. मुलं बोलायला लागलीत, सगळी नाही, पण ज्या मुली वर्षभर तोंड उघडत नव्हत्या त्यातल्या दोघी-तिघी.

सीएचबीबद्दल थोडं मोकळं लिहिते. तासिका तत्त्वावर काम करणारी ही माणसं, नेट-सेट झालेली, कित्येक पीएचडी झालेली, तासाचे पैसे मिळतात, सुट्टीचे नाही, पुढच्या वर्षी बोलावतील का माहीत नाही. आमच्याकडे निम्मे तास त्यांच्यावर चालतात. आणि प्राध्यापकांच्या विकासाचा जुना आराखडा उघडला तर त्यात त्यांचं एकही नाव नव्हतं, कारण त्यांना पदोन्नती नाही, म्हणजे प्रशिक्षणाची गरज नाही, असा तो हिशोब. मुलांना काय माहीत समोरचे सर कायम आहेत का तासावर आहेत. अनिश्चितता म्हणून आपण एवढं बोलतो, पण ती सगळ्यात जास्त ज्यांच्या ताटात आहे त्यांना सोडून आराखडा करणं मला अन्याय वाटतो आणि खुळेपणाही वाटतो, कारण उद्या ती जीआयएसवाली मॅडम दुसरीकडे गेली की आमचा तो पेपर बंद.

म्हणून गुरुवारच्या तासाचं मानधन सीएचबीच्या लोकांना तासिकेइतकंच द्यावं असा प्रस्ताव मी ठेवला. पहिल्यांदा नाही म्हणाले, तशी तरतूद नाही. दुसऱ्यांदा मी शीट घेऊन गेले आणि दाखवलं की यांच्यातलं कोण गेलं तर कुठले पेपर अडतात. मग कॉलेजच्या स्वतःच्या निधीतून महिन्याला दोन तासांचं मानधन मंजूर झालं, चार गुरुवारांपैकी दोन. मला हे अपुरं वाटतं आणि मी यंदा परत मागणार आहे. आणि त्या मॅडमनी मला क्यूजीआयएस शिकवलं, फुकटात मिळणारं सॉफ्टवेअर, आमच्या जुन्या कॉम्प्युटरवरपण चालतं. इस्रोच्या भुवन पोर्टलवर आमचा तालुका उघडून त्यांनी मला आमच्या गावचा पाझर तलाव दाखवला. ते शिकणं अर्धं झालंय, आता माझ्या ओळीत एक महिना खोडून पंधरा दिवस लिहिलंय.

एआयचं पण गुरुवारच्या तासातच झालं. पहिल्यांदा चर्चा अशी की मुलं कॉपी करतात, कसं पकडायचं. दोन गुरुवार त्यात गेले, मग वाणिज्यच्या एका सरांनी आपले प्रश्न एआयमध्ये टाकून सगळ्यांसमोर उत्तरं काढून दाखवली आणि खोली शांत झाली. भूमी अवनतीची कारणं लिहा, असा प्रश्न मी वर्षानुवर्षं देत होते, त्याचं उत्तर वीस सेकंदांत आलं आणि ते माझ्या नोट्सपेक्षा नीट होतं. मग पकडायचं कुणाला. मी प्रश्न बदलला. आता मुलांनी आपल्या घरच्या किंवा शेजारच्या विहिरीची पाण्याची पातळी जूनमध्ये, ऑक्टोबरमध्ये आणि फेब्रुवारीत दोरीनं मोजायची, कठड्यापासून किती फूट खाली ते वहीत लिहायचं, विहीर कुणाची, बोअर किती जवळ, पीक कुठलं. सगळ्या गावांचे आकडे आम्ही वर्गात एका नकाशावर मांडतो. लिहिताना भाषेसाठी एआयची मदत घ्यायला मी परवानगी दिलीय, मात्र आकडे स्वतःचे आणि तोंडी परीक्षेत मी विहिरीबद्दल विचारणार. एका मुलानं सांगितलं की मोजायला गेलो तर आजोबांनी १९७२ च्या दुष्काळात ही विहीर कशी खोल केली ते सांगितलं. ते आता वहीत आहे.

सगळंच जमलं असं नाही. ऑक्टोबरनंतर आमचा गुरुवार कोलमडला. विधानसभेची निवडणूक लागली, २० नोव्हेंबरचं मतदान, त्याआधी प्रशिक्षणं, मग मतमोजणी, त्याला लागून विद्यापीठाच्या परीक्षा आणि तपासणी, एकूण सात गुरुवार गेले. जर-तरच्या आराखड्यात निवडणूक मी लिहिलेलीच नव्हती, खरं तर तीच एक गोष्ट आधीपासून माहीत असलेली होती. जानेवारीत परत सुरू केलं तेव्हा निम्मीच माणसं आली. वरिष्ठांतल्या तिघांनी वर्गात कुणी बसलेलं आवडत नाही असं स्पष्ट सांगितलं आणि आम्ही तो विषय सोडला, जबरदस्तीनं हे होत नाही. दोघांनी शीट भरलीच नाही. आणि आयकेएसचं एक महिना अजून सगळ्यांचं एक महिनाच आहे, त्याच्यासाठी काय करायचं यावर विभागांचं एकमत नाही. माझं मत असं की आपल्या भागातले बारव, पायविहिरी, पाण्याच्या जुन्या व्यवस्था यापासून सुरू करावं, म्हणजे इतिहास, भूगोल आणि गणित तिघांना एकत्र शिकवता येईल, पण ते होईल तेव्हा लिहीन.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही शीट तिसऱ्यांदा भरली. आजच शिकवेन हे उत्तर पहिल्या शीटपेक्षा चौदा ठिकाणी वाढलंय. एक रकाना नवीन घातलाय, माझ्या वर्गात कोण येऊन बसलं तर मला चालेल, त्यात नाव लिहायचं. बऱ्याच जणांनी इतिहासाच्या सरांचं लिहिलंय आणि सर डिसेंबरमध्ये निवृत्त होतायत. म्हणून जुलैपासून दर गुरुवारच्या आधी, बुधवारी त्यांच्या एसवायच्या तासाला मागे दोन खुर्च्या ठेवायच्या ठरल्यात. पहिल्या बुधवारी जीआयएसवाल्या मॅडम आणि वाणिज्यचे सर बसणार आहेत. मॅडमच्या नेमणुकीचं पत्र अजून निघालेलं नाही, त्यासाठी मी सोमवारी परत ऑफिसात जाणार आहे.